चंबळची सुसर आणि आपलं जाळं



बंदीचा काळ चालू आहे. होड्या वर ओढून झाल्यात, इंजिनं उघडलीत, जाळी सांधायला काढलीत. १ जून ते ३१ जुलै आपल्याला वाचायला-बोलायला थोडी सवड असते, म्हणून यावेळी जरा मोठा लेख टाकतोय. सावकाश वाचा. घरातल्या शाळकरी पोरांनाही वाचून दाखवा.

हा लेख मी ग्वाल्हेरहून लिहितोय. इथे ठाटीपूर भागात दर्पण कॉलनी म्हणून वस्ती आहे, तिथे धाकट्या बहिणीचं घर आहे. शिंद्यांच्या काळापासून ग्वाल्हेरात मराठी माणूस आहे, त्यामुळे भाषेची अडचण नाही. अडचण म्हावऱ्याची. समुद्र इथून शेकडो मैल लांब. पण आपल्या भिवंडी-नाशिकवरून जो मुंबई-आग्रा रस्ता जातो, तोच रस्ता ग्वाल्हेरातून पुढे मुरैन्याला जातो आणि साठ-एक किलोमीटरवर चंबळ नदी ओलांडतो. चंबळ म्हटलं की आपल्याला डाकू आठवतात. मासेमारांनी मात्र ही नदी वेगळ्या कारणासाठी समजून घ्यायला हवी.

इथे भाच्याने मला एक प्रश्न विचारला. "मामा, चंबळमध्ये दोन हजार सुसरी आहेत, डॉल्फिन आहेत, मगरी आहेत, पाणमांजरं आहेत. सगळे मासेच खातात. मग नदीत मासे उरतात कसे?"

प्रश्न पोराचा असला तरी आपल्या बंदरावर हाच प्रश्न नाखवे वेगळ्या शब्दांत विचारतात. डॉल्फिन जाळ्यातलं म्हावरं पळवतो, पाणमांजर खाडीतल्या जाळ्यात तोंड घालतं, मग यांना वाचवायचं कशाला? खाणारे जितके जास्त तितके मासे कमी, हा आपला साधा हिशोब. चंबळमध्ये तो जुळत नाही. का जुळत नाही, तेच आज सांगतो.

आधी सुसर म्हणजे कोण

आपल्याकडे मगर आणि सुसर हे शब्द एकमेकांत मिसळतात. चिपळूणच्या वाशिष्ठीत, महाडच्या सावित्रीत जी दिसते ती मगर. तिचं तोंड रुंद, ती मासा खाईल, पक्षी खाईल, कुत्रंही ओढून नेईल. सुसर वेगळी. तिचं तोंड लांब, निमुळतं, चिमट्यासारखं आणि त्यात शंभराच्या वर बारीक टोकदार दात. हे तोंड फक्त मासे धरायला घडलेलं आहे. पाण्यात मान झटकन बाजूला मारायची आणि मासा पकडायचा. मोठा नर पंधरा-अठरा फुटांपर्यंत जातो. त्याच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा फुगवटा येतो. त्या घड्यावरून हिंदीत याला घडियाल म्हणतात.

एवढं मोठं जनावर, पण जमिनीवर अगदी लाचार. पूर्ण वाढलेल्या सुसरीला चार पायांवर अंग उचलून चालता येत नाही, पोटावर सरपटत जावं लागतं. म्हणून तिला खोल पाण्याला लागूनच उताराची मऊ वाळू हवी. ऊन खायला वाळू, अंडी घालायला वाळू. कडा खडकाळ झाली किंवा वाळू उपसून उभी भिंत झाली, की पाणी तेच, मासे तेच, तरी सुसरीचा संसार संपला.

मार्च-एप्रिलमध्ये मादी वाळूत खड्डा करून एका वेळी साधारण तीस ते पन्नास अंडी घालते. दोन महिन्यांनी, मे अखेर ते जूनमध्ये पिल्लं बाहेर येतात. मोठा नर पिलांची राखण करतो. धृतिमान मुखर्जी या छायाचित्रकाराने चंबळमध्येच टिपलेला फोटो जगभर गेला. त्यात नराच्या पाठीवर, डोक्यावर शंभरावर पिल्लं बसलेली आहेत.

एका वाळूवर किती घरं

आता वाळू म्हणजे आपल्याला बांधकामाचा माल वाटतो. चंबळची वाळू म्हणजे एक पूर्ण गाव आहे.

सुसर अंडी घालते, तशीच कासवंही घालतात. डोक्यावर लाल पट्टे असलेलं एक मोठं कासव चंबळमध्ये आहे. इकडे त्याला तिलकधारी म्हणतात. एकेकाळी गंगेच्या खोऱ्यात ते बऱ्याच ठिकाणी होतं, आता त्याचा खरा आधार चंबळच उरलीय. हे कासव पाणवनस्पती खातं. मऊ पाठीची कासवं मेलेले मासे, कुजलेलं मांस खाऊन पाणी साफ ठेवतात. म्हणजे एकाच नदीत कुणी गवत कापणारा, कुणी झाडूवाला. पगार कुणालाच नाही.

वाळूच्या बेटांवर पनचीरा नावाचा पक्षी घरटं करतो. त्याची खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असते. उडता उडता ती चोच पाण्यात बुडवून रेघ ओढल्यासारखा तो पाणी चिरत जातो आणि लहान मासे टिपतो. अंडी उघड्या वाळूवर असतात. बेटाच्या चारी बाजूंनी पाणी असतं तोवर अंडी सुरक्षित. नदीचं पाणी उतरलं आणि बेट काठाला जोडलं गेलं, की कुत्री आणि कोल्हे चालत जाऊन अंडी फस्त करतात. नीट बघा, पनचीऱ्याला कुणी मारलं नाही, त्याचा मासाही कुणी काढून घेतला नाही. फक्त पाण्याची पातळी हातभर उतरली आणि सगळी वीण गेली.

सुसरीच्या अंड्यांवरही घोरपड, कोल्हा, मुंगूस, रानडुक्कर टपलेले असतात. आणखी एक गोष्ट आहे. सुसरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळू किती गरम आहे त्यावर ठरतं. आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर जी कासवं अंडी घालतात त्यांचंही तसंच. वाळू उपसली, पातळ झाली, तापली, तर नुसती अंडी जात नाहीत, पुढच्या पिढीत नर-माद्यांचा मेळही बिघडतो.

चंबळच्या अभयारण्यात वाळू काढायला बंदी आहे. तरीही ट्रॅक्टर चालतात, हे इकडे कुणापासून लपलेलं नाही.

पाणी कुठून येतं, कुठे जातं

चंबळ महूजवळच्या डोंगरात उगवते आणि साधारण ९६० किलोमीटर वाहून यमुनेला मिळते. वाटेत तिच्यावर गांधी सागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर ही धरणं आणि शेवटी कोटा बराज आहे. कोट्यापर्यंतच पुष्कळ पाणी शेतीला वळतं. खाली जे उरतं त्यावर पावसाळ्यानंतरचे आठ महिने हे सगळं गाव जगतं. उन्हाळ्यात प्रवाह बारीक होतो आणि खोल डोह तेवढे राहतात. मासे त्या डोहात जमतात, डॉल्फिनही तिथेच अडकतात. सगळे खाणारे आणि सगळं खाद्य एका डोहात. त्यात पाणी आणखी उतरलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

ग्वाल्हेर शहरालाही चंबळचं पाणी आणायची योजना बरीच वर्षं चर्चेत आहे. आज इथल्या नळाला तिघरा धरणाचं पाणी येतं. धरण १९१६ सालचं आहे आणि विश्वेश्वरय्यांनी आपल्या खडकवासल्याला बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी इथेही बसवले होते. शहर वाढलं, पाणी पुरेना. दर्पण कॉलनीतल्या बाईच्या हंड्याला पाणी हवं, हे खरंच आहे. शेतकऱ्यालाही हवं. मागणारे सगळे खरे आहेत, पण नदी एकच आहे. वाटणी करताना नदीच्या पोटातल्यांचा वाटा कुणी मोजत नाही, कारण त्यांच्यातला कुणी सभेला येत नाही.

२००७-०८ चा हिवाळा

डिसेंबर २००७ मध्ये खालच्या चंबळमध्ये, यमुनेला मिळते त्या इटाव्याच्या बाजूला सुसरी मरून काठाला लागू लागल्या. आज दोन, उद्या चार. दोन-तीन महिन्यांत शंभराहून जास्त सुसरी गेल्या, त्याही बहुतेक मोठ्या, तयार झालेल्या. देशातले-परदेशातले तज्ज्ञ आले, फाडून पाहिलं. किडन्या निकामी झालेल्या आणि सांध्यांत, अवयवांवर युरिक ॲसिडचे पांढरे खडे जमलेले. माणसाला गाऊट होतो, तसाच हा आजार.

चंबळचं पाणी तसं स्वच्छ. काठावर मोठी शहरं कमी, दरीखोरं फार. जुन्या कथेत ही नदी शापित मानली गेली, त्यामुळे लोक लांब राहिले असं इकडे सांगतात. मग विष आलं कुठून? संशय माशांवर गेला. दिल्ली आणि आग्र्याची घाण घेऊन येणारी यमुना खाली शेजारीच आहे. मासे काही नकाशा बघून पोहत नाहीत. यमुनेतला मासा चंबळमध्ये चढतो, सुसर त्याला खाते. थंडीत थंड रक्ताच्या प्राण्याचं शरीर मंदावलेलं, विष बाहेर टाकायला किडनी कमी पडते. नेमकं कोणतं विष ते शेवटपर्यंत पक्कं ठरलं नाही, पण माशांतून आलं हाच सगळ्यात जोराचा अंदाज राहिला.

आपल्यासाठी यात काय? सुसर ज्या तोंडाने मासा खाते त्याच माशाचे बाकीचे भाऊबंद बाजारात जातात. लहान माशाच्या अंगात थोडं विष, त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात जास्त, आणि त्याला खाणाऱ्यात सगळ्यात जास्त. साखळीच्या टोकाला बसलेल्याला सगळ्यांची बेरीज मिळते. चंबळमध्ये टोकाला सुसर आहे. आपल्या खाडीत टोकाला घोळ, मुशी, पाणमांजर आणि आपण स्वतः. खाडीचा रंग बदलला, मासे उताणे होऊन वर आले, की आपण त्या दिवसाच्या नुकसानीचं बोलतो. जे मासे मेले नाहीत, पण अंगात घेऊन फिरताहेत, त्यांचं कुणी बोलत नाही.

खाणारा हटवला तर मासा वाढतो का?

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

पहिली गोष्ट, सुसर थंड रक्ताची. दिवसभर उन्हात पडून अंग गरम करते. तेवढ्याच वजनाच्या गरम रक्ताच्या जनावरापेक्षा तिला खाणं कितीतरी कमी लागतं. आकार बघून तिच्या पोटाचा अंदाज करू नये.

दुसरी गोष्ट, नदीत किती मासे राहणार हे फक्त खाणाऱ्यावर ठरत नाही. पाण्यात शेवाळ किती, किडे किती, अंडी घालायला जागा आहे का, पिलांना लपायला उथळ पाणी आहे का, यावर आधी ठरतं. एक मासा हजारो, लाखो अंडी घालतो. ती सगळी जगली तर नदीत पाणी मावायचं नाही. बहुतेक मरायचीच असतात, कुणी भुकेने, कुणी पुरात, कुणी दुसऱ्याच्या पोटात. जागा आणि खाणं शाबूत असेल तोवर खाणारा जो वाटा नेतो तो बहुतांशी या जास्तीच्या उत्पन्नातला असतो.

तिसरी गोष्ट, खाणारा परतही देतो. जर्मन शास्त्रज्ञ फिटकाऊ यांनी १९७० साली ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला अभ्यास मांडला. तिथल्या काही तळ्यांत कैमन नावाच्या मगरी होत्या. कातड्यासाठी त्या मारून संपवल्या. मासे वाढायला हवे होते, पण तिथल्या कोळ्यांना उलट मासे कमी मिळू लागले. फिटकाऊ यांनी सांगितलं की, त्या तळ्यांचं पाणी मुळात निकस. कैमन मासे खाऊन जी विष्ठा टाकत, तेच पाण्याचं खत होतं. खतावर शेवाळ, शेवाळावर बारीक जीव, त्यावर माशांची पिल्लं. मगर गेली, खत गेलं, पिल्लं उपाशी राहिली.

चौथी गोष्ट, खाणारा दुसऱ्या खादाडाला आवरतो. अलास्काच्या बाजूच्या अल्यूशियन बेटांजवळ समुद्री पाणमांजरं कातड्यासाठी इतकी मारली गेली की, १९११ साली त्यांना वाचवायला करार करावा लागला. १९७४ मध्ये एस्टेस आणि पामिसानो या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, जिथे पाणमांजर नाही तिथे काटेरी समुद्री साळू माजतात आणि समुद्रातलं केल्प नावाचं गवताचं जंगल मुळापासून कुरतडतात. जंगल गेलं की त्यात वाढणारे मासे गेले. जिथे पाणमांजर आहे तिथे ते साळू खातं, जंगल राहतं, मासेही राहतात. मासेमाराला पाणमांजराची भागीदारी कधी दिसतच नाही, कारण ती दोन घरं सोडून असते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जिथे मासा आधीच तळाला गेलाय तिथे खाणारा जड होतो, हे खरं आहे. भरल्या ताटातला एक घास आणि रिकाम्या ताटातला एक घास सारखा नसतो. पण ताट रिकामं कुणी केलं, हे आधी बघायचं.

नुसता आकडा बघून चालत नाही

१९७० च्या दशकात देशातल्या सुसरी दोनशेच्या आसपास उरल्या होत्या. कातड्यासाठी शिकार, अंड्यांची चोरी, धरणं, आणि मासेमारीची जाळी. सुसरीला श्वास घ्यायला वर यावं लागतं, जाळ्यात तोंड अडकलं की ती बुडून मरते. १९७५ मध्ये सरकारने मगर-सुसर वाचवायचा प्रकल्प सुरू केला. १९७८-७९ च्या सुमारास मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश मिळून चंबळचं अभयारण्य झालं.

मुरैन्याजवळ, याच हमरस्त्यालगत देवरी केंद्र आहे. नदीकाठून दरवर्षी साधारण दोनशे अंडी गोळा करून तिथे उबवतात. पिल्लं साधारण तीन वर्षं हौदात वाढवतात आणि चार फुटांची झाली की नदीत सोडतात. कारण नदीत जन्मलेल्या शंभर पिलांतली एखाद-दुसरीच मोठी होतात. जूनमध्ये पिल्लू बाहेर येतं आणि महिन्याभरात पुराचं पाणी येऊन घेऊन जातं.

आज चंबळमध्ये दोन हजारांवर सुसरी मोजल्या जातात. जगात उरलेल्या सुसरींपैकी बहुतेक याच नदीत आहेत. मोठं काम झालंय. पण यातही एक मेख आहे. मादीला अंडी घालायला सात-आठ वर्षं तरी लागतात. म्हणजे दोन हजारांत अंडी घालणाऱ्या किती, घडा असलेले नर किती, हे खरं भांडवल. २००७-०८ मध्ये मोठ्या सुसरी गेल्या, तेव्हा शंभरचा आकडा नुसता शंभर नव्हता. मुद्दलच बुडालं होतं.

हाच हिशोब पापलेटला लावा. हाताच्या पंजापेक्षा लहान पापलेट आपण टोपलीने विकतो. त्याने आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात. राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट म्हणजे सरंग्याला राज्य मासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याखालचा मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. कायदा आहे, पण कायदा जाळ्याच्या आसातून आत जातो की नाही, हे आपल्या हातात आहे. आस बारीक असेल तर कागदावरच्या नियमाला खोल्यातलं म्हावरं विचारत नाही.

कोळ्याचं काय झालं

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या चंबळच्या गोष्टीत एक माणूस कुठेच आला नाही. नदीकाठचा मासेमार.

अभयारण्य झालं तेव्हा त्या पट्ट्यात मासेमारी बंद झाली. दोन महिने नाही, कायमची. चारशे किलोमीटरहून लांब नदी, मासे आहेत, पण जाळं टाकलं की गुन्हा. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगणारे केवट, मल्लाह कुणी मजुरीला लागले, कुणी नावेतून माणसं उतरवायला, आणि काहीजण चोरून जाळी टाकू लागले. चोरून टाकलेल्या जाळ्यात सुसर अडकली तर ती सोडवायची हिंमत कोण करणार? पकडला जाईल या भीतीने माणूस जाळ्यासकट पळतो, किंवा जाळं सोडून पळतो. म्हणजे नुकसान दोघांचंही.

मी कुणाला दोष देत नाही. सुसर दोनशेवर आली होती, तेव्हा सरकारजवळ दुसरा रस्ता फारसा नव्हता. पण आपण यातून शिकायचं ते हे की, गोष्ट तळाला गेली की निर्णय मासेमाराच्या हातात राहत नाही. तो दुसरीकडे होतो, नकाशावर रेघ ओढली जाते आणि आपल्याला नंतर कळतं. गोष्ट वर असताना आपण स्वतः आवरलं, तर आपल्या सभेत, आपल्या शब्दांत, आपल्याला झेपेल असा नियम करता येतो.

आपल्याकडे ती वेळ किती लांब आहे? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीत २०१९ साली महाराष्ट्राची मासळी २.०१ लाख टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतला तो सगळ्यात खालचा आकडा होता. त्या वर्षी वादळंही आली, बरेच दिवस होड्या बंदरात होत्या, हे मान्य. त्यानंतर आकडा वरखाली झालाय. पण एका खराब वर्षात इतकं खाली जातो याचा अर्थ खाली आधार पातळ झालाय.

आपल्या खाडीचा हिशोब

चंबळला वाळू तशी आपल्याला कांदळवन आणि खाडीतला चिखल. कोळंबी समुद्रात अंडी घालते, तिची बारीक पिल्लं उधाणाच्या पाण्याबरोबर खाडीत येतात, कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि मग परत समुद्रात जातात. खाडीचं तोंड गाळाने भरलं, कांदळवन तुटलं, सक्शन पंपाने तळ उपसला, तर बाहेर वीस वाव पाण्यात कोळंबीचं जाळं रिकामं येतं. कारण किनाऱ्यावर असतं, फटका खोल पाण्यात बसतो.

जवळ्याचंही तसंच. जवळा म्हणजे आपल्याला स्वस्तातलं सुकं. पण बोंबील जवळ्यावर वाढतो आणि बोंबलावर बाकीचे मोठे मासे. डोलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, बोंबलाचं पोट फाडलं की आत जवळा दिसतो, कधी लहान बोंबीलच दिसतो. जवळा, मांदेली, करंदी हा समुद्राचा भात आहे. भातच उपसून कुट्टीला, खताला घातला, तर सुरमई आणि घोळ कशावर जगायची?

आणि जाळ्यात येणारे जे संरक्षित पाहुणे आहेत, कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क, त्यांच्याबद्दल एक कामाची माहिती. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात योजना आहे. असा प्राणी जाळ्यात सापडला आणि जाळं कापून जिवंत सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवावा लागतो. बरेच खलाशी अजून घाबरतात की, कळवलं तर आपल्यालाच धरतील. म्हणून स्पष्ट लिहितो, जिवंत सोडून कळवणाऱ्याला भरपाई असते, शिक्षा नाही. चंबळच्या मासेमाराला ही सोय नव्हती. आपल्याला आहे, तर ती वापरा. अर्ज भरायला संस्थेच्या कार्यालयात या, मी बसून भरून देईन.

भाच्याला मी एवढंच सांगितलं की, चंबळमध्ये मासे उरतात कारण वाळू, पाणी, डोह, खाणारे आणि खाल्ले जाणारे यांचा मेळ अजून पुरता तुटलेला नाही. जिथे जिथे तुटतोय, तिथे आधी अंडी जातात, मग पिल्लं, मग मोठी जनावरं, आणि शेवटी माणसाचा धंदा. खाणाऱ्यांमुळे नदी रिकामी झाली, असं या सगळ्या गोष्टीत कुठेच दिसत नाही.

नारळी पौर्णिमेआधी ठरवायचं

होड्या पाण्यात जाण्याआधी आपली सभा होईल. त्यात तीन विषय घेऊ असं माझं म्हणणं आहे.

पहिला, जाळ्याचा आस. आत्ता जाळी सांधायला काढलीच आहेत, तर खोल्याचा आस मोजून घ्या. बदलायचा तर हीच वेळ आहे, हंगाम सुरू झाला की कुणी बदलत नाही.

दुसरा, लहान पापलेट आणि लहान सुरमई. आपल्या बंदरावर लिलावाला घ्यायची नाही, असा ठराव करता येईल का? एकट्याने सोडली तर शेजारचा पकडतो, हे मला माहीत आहे. म्हणून ठराव सगळ्यांचा हवा, आणि शेजारच्या दोन बंदरांशीही बोलायला हवं.

तिसरा, खाडीचं तोंड. कुठे भराव पडतोय, कुठे रात्री पंप चालतो, कुठे पाण्याला वास येतो, हे आपल्याइतकं कुणाला माहीत नाही. तारीख, वेळ आणि फोटो घालून एक वही ठेवू. तक्रार करायची वेळ आली तर तोंडी बोलण्यापेक्षा वही कामाला येते.

ज्यांना पटत नसेल त्यांनी सभेत येऊन बोलावं, इथे खालीही लिहावं. जुन्या तांडेलांना खास विनंती आहे. तुमच्या तरुणपणी खाडीत काय काय मिळत होतं, कोणत्या महिन्यात, किती वाव पाण्यात, ते पोरांना सांगून लिहून घ्या. ती माहिती कुठल्याच दप्तरात नाही.

सर्वांना पावसाळ्याच्या शुभेच्छा. होडीचे विम्याचे कागद राहिले असतील तर या महिन्यात पूर्ण करा.

आपला,
सचिव